दिसणारी घंटा

ऑफिसात त्याला सगळे 'मतदार' म्हणायचे. निवडणुकीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. जगातल्या यच्चयावत गोष्टींवर त्याचं एक मत तयार असायचं आणि कुणी मागो न मागो, तो ते देऊन टाकायचा, म्हणून मतदार. पेशानं सॉफ्टवेअरवाला. दिवसभर स्क्रीनसमोर बसून प्रोग्रॅम लिहायचे आणि मधूनमधून चहाच्या यंत्रापाशी उभं राहून मतं द्यायची. नवा फोन निघाला, की म्हणायचा, "यात नवीन काय आहे? मागच्याच फोनला नवं झाकण!" नवा गेम आला, की म्हणायचा, "चित्रं झकास आहेत हो, पण खेळ कुठंय? आमच्या वेळी नुसते ठोकळे पडायचे वरून, पण जेवायला हाक मारली तर ऐकू यायचं नाही." आणि इलेक्ट्रॉनिक्सचा विषय निघाला, की म्हणायचा, "त्यात काय शिकायचंय? सॉफ्टवेअरच ते. फक्त वायरी लावलेलं."

मतं ऑफिसात देऊन तिथंच ठेवावीत. ती घरी आणली की घोळ होतो. मतदारानं हे शेवटचं मत घरी आणलं.

त्याचं असं झालं. मतदाराच्या आईचे कान अलीकडे आपल्या मर्जीनं चालायला लागले होते. कानात घालायचं यंत्र आणून दिलं होतं, पण ती ते लावायची नाही. त्यात माणसांपेक्षा पंख्याचाच आवाज मोठा येतो म्हणे. गुडघ्यांनीही असहकार पुकारलेला, त्यामुळे जिना उतरणं बंद. मुलगा-सून कामावर गेले की दिवसभर ती आणि खिडकी. तिच्या दिवसात जीव होता तो एकट्या मावशींमुळे. मावशी म्हणजे पलीकडच्या गल्लीत राहणारी तिची जुनी मैत्रीण. दुपारी यायच्या, चहा घ्यायच्या आणि दोघी मिळून अख्ख्या वस्तीची धुणी धुवायच्या. संध्याकाळी मतदार घरी आला की आईचा चेहरा असा टवटवीत असायचा, की जिना न उतरता सगळ्या गावाला चक्कर मारून आलीय.

एके दिवशी मावशी आल्या, बेल वाजवली, परत वाजवली, आणि आईला काही ती ऐकू आली नाही. मावशी तशाच परत गेल्या. जाताना त्यांनी खालून वर पाहिलं, तर आई खिडकीत बसलेली! झालं. "मी दारात ताटकळतेय आणि ही खुशाल खिडकीत बसलीय," असा निरोप कुणाच्या तरी तोंडून आला. आईनंही उलट निरोप धाडला, "खिडकीत बसले होते, म्हणजे कुणाची तरी वाट बघत असणार ना? एवढं कळू नये?" फोनवर बोलायची सोय नाही, कारण आईला फोनवर 'हॅलो'च्या पुढचं काही कळत नाही. दोन्हीकडे फुरंगटून बसणं सुरू झालं. आई जेवणात दोन घास कमी घ्यायला लागली, आणि विचारलं तर "काही नाही रे, वय झालं," म्हणायला लागली.

"बेल वाजली की दिवा लागेल असं काहीतरी बसवू या," मतदाराची बायको म्हणाली. ती दातांची डॉक्टर. दुखेपर्यंत कुणी येत नाही आणि आलं की रडत येतं, हा तिचा माणसांविषयीचा अनुभव, त्यामुळे ती थोडक्यात बोलायची. "बाजारात मिळतात तयार."

"बाजारात?" मतदार ताडकन उठून बसला. "घरात सॉफ्टवेअरवाला असताना? एक छोटा बोर्ड, एक बटण, एक दिवा. रविवारचं काम आहे."

"कुठल्या रविवारचं?" बायकोनं विचारलं.

हा प्रश्न त्याला तेव्हा खवचट वाटला.

जेवणाच्या टेबलावर इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण सुरू झालं आणि घरची मंडळी ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागली. मतदारानं व्हिडिओ पाहिले. व्हिडिओतला माणूस हसत हसत वायर जोडायचा आणि दिवा लागायचा. मतदार न हसता वायर जोडायचा आणि दिवा लागायचा नाही. सॉफ्टवेअरमध्ये चूक झाली की ती पुसता येते. गेममध्ये मेलं की पुन्हा उठता येतं. इथं एकदा एक इवलासा भाग चुकीच्या बाजूनं जोडला गेला, तर चिर्रर आवाज झाला, धुराची एक रेघ वर गेली, आणि मतदाराचा डावा हात आपोआप टेबलावर दोन बोटं दाबायला गेला. तिथं कीबोर्ड नव्हता. नुसतं प्लास्टिकचं मेणकापड होतं.

"काय करतोयस रे?" आईनं विचारलं.

"मागे घेतोय, आई."

"काय मागे घेतोयस?"

"धूर," मतदार म्हणाला. आईला ते 'दूर' असं ऐकू आलं आणि ती बिचारी खुर्ची उचलून दूर जाऊन बसली.

पण चिकाटी होती हो पठ्ठ्यात. बोटं पोळली, एक चांगली पँट कामी आली, आणि अखेर टेबलावर बटण दाबलं की टेबलावरचा दिवा लागायला लागला. त्यानं सगळ्यांना बोलावून दाखवलं. बायको म्हणाली, "छान. आता टेबल मोकळं कर." एवढ्या मोठ्या यशाचं एवढंसं कौतुक ऐकून त्याचं तोंड उतरलं.

आता बटण दाराबाहेर लावायचं. घोड्यानं पेंड खाल्ली ती इथं. मतदार भिंतीला भोक पाडायला बाहेर आला, तर जिन्यातून इमारतीचे सेक्रेटरी चढत होते. हा गृहस्थ दिवसभर जिनाच चढत-उतरत असतो असा सगळ्यांचा संशय होता.

"भिंत आतून तुमची आहे," सेक्रेटरी म्हणाले. "बाहेरून ती इमारतीची."

"अहो, पण बेलचं बटण आधीपासून बाहेरच आहे ना?"

"ते मूळ बटण. तुमचं बटण म्हणजे बदल झाला. बदलाला अर्ज लागतो."

मतदारानं अर्ज लिहिला. विषय : दृश्य घंटा बसवण्यास परवानगी मिळणेबाबत. सेक्रेटरींनी तो चष्मा वर करून वाचला, चष्मा खाली करून वाचला.

"घंटा दृश्य कशी असेल? घंटा ऐकायची असते."

"माझी दिसते."

"मग घंटा कशाला म्हणता? दिवा म्हणा."

"बरं, दिवा म्हणतो."

"दिव्याला परवानगी नाही. जिन्यात दिवे लावायचे ते इमारतीनं."

"पण साहेब, दिवा घरात आहे!"

"मग मला अर्ज कशाला केलात?"

यावर मतदाराजवळ मत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं असावं. शेवटी 'बाहेरून बटण, आतून दिवा, मध्ये भिंत' असं लिहून दिल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "लावून ठेवा. मी सवडीनं येऊन पाहणी करीन. अंतिम परवानगी पाहणीनंतर."

एवढ्यात खालच्या मजल्यावरचे बँकवाले काका वर आले. काका बँकेतून निवृत्त झाले होते, सल्ल्यांतून झाले नव्हते. त्यांनी वायरींचं भेंडोळं बघितलं आणि गंभीर होऊन विचारलं, "अर्थ बघितलास का?"

बँकेत जन्म गेलेला माणूस. तो अर्थ म्हणाला की आपण काय समजणार? "फार काही नाही काका," मतदार म्हणाला. "बोर्ड स्वस्तातला आहे, वायरी घरच्याच."

"अरे, तो अर्थ नाही! मी म्हणतोय अर्थ. अर्थ नसेल तर अशा गोष्टीला हात लावू नये माणसानं."

काकांचं हल्ली वाचन वाढलेलं दिसतंय, असं मतदाराला वाटलं. त्यानं भेंडोळं छातीशी धरलं. "अर्थ आहे, काका. आईसाठी करतोय हे."

काका गडबडले. आईचं नाव निघाल्यावर माणूस काय बोलणार? "ते चांगलंच आहे रे," ते चाचरत म्हणाले, "पण मी विचारतोय, तुमच्या घरात अर्थ आहे का?"

आता मात्र मतदाराला राग आला. "आमच्या घरात काय कमी आहे हो काका?" असं म्हणून त्यानं दार लावून घेतलं. काका जिन्यात उभं राहून "अरे, भिंतीतला... जमिनीतला..." असं काहीतरी बोलत होते. पण वेडावाकडा अपमान झाल्यावर त्याचा तपशील कोण ऐकत बसतो!

बायकोच्या दवाखान्यात कापसाचा एक स्टीलचा डबा जुना झाला होता. मतदारानं त्याच्या झाकणाला भोक पाडून बटण बसवलं, बोर्ड आत कोंबला, आणि डबा दाराबाहेर ठोकला. घरातल्या विजेची वायर भिंतीतून त्याच डब्यात आणली. जुनी बेल काढून टाकली. एक दिवा आईच्या खोलीत, एक बाहेरच्या खोलीत. सकाळी कामावर निघताना त्यानं पाहिलं, तर दोन्ही दिवे लख्ख लागलेले. दिवा चालू आहे म्हणजे यंत्र चालू आहे, असा त्यानं सरळ हिशेब केला. "आई, या दिव्याकडे लक्ष ठेव हं," एवढं ओरडून सांगितलं आणि तो गेला. जाता जाता मावशींकडे निरोपही ठेवला, की आता खुशाल या, नवी व्यवस्था केलीय.

संध्याकाळी घरी आला तर आई म्हणाली, "आज दुपारी लाईट गेली होती रे."

"हो?"

"गेली आणि आली. परत गेली, परत आली. काय खेळ चालला होता कोण जाणे. मी आपली गप बसून राहिले. अशात उठून पडले-बिडले तर काय घ्या?"

मतदार शर्टाची बटणं काढता काढता थांबला. त्यानं बाहेर जाऊन डब्यावरचं बटण दाबलं. घरातले दिवे विझले. बटण सोडलं, दिवे लागले. टेबलावरून दारावर नेताना कुठंतरी दोन वायरींची अदलाबदल झाली होती आणि सगळं यंत्र उलटं चालत होतं. कुणी आलं की विझायचं आणि कुणी नसलं की लागायचं.

तेवढ्यात काका वर आलेच. "अरे, त्या मावशी जिन्यात भेटल्या होत्या दुपारी. बटण दाबून दाबून दमल्या बिचाऱ्या. 'बोलावून घ्यायचं आणि दार उघडायचं नाही, ही कुठली रीत?' म्हणाल्या. डोळे पुसत होत्या की काय, मला नीट दिसलं नाही."

आईला सांगणं भाग होतं. मतदारानं तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "आई, लाईट गेली नव्हती. मावशी आल्या होत्या."

आईनं त्याच्याकडे पाहिलं. रागावली नाही, काही नाही. "बरं," म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. मतदाराला इतकं वाईट वाटलं, की त्या क्षणी कुणी त्याचं कशावरही मत विचारलं असतं तरी त्याला देता आलं नसतं.

"उद्या वायरमनला बोलावते," बायको म्हणाली.

"एक दिवस दे," मतदार म्हणाला. "फक्त दोन वायरी बदलायच्या आहेत."

त्यानं डबा उघडला, वायरी बदलल्या, आणि त्या आता आत मावेनात म्हणून अंगठ्यानं दाबून, ठोसून, झाकण लावलं. आता सुलटं चालत होतं. बटण दाबलं की दिवा. पण त्या ठोसाठोशीत एका वायरीचं सोलपट निघालं होतं आणि तिचं उघडं टोक स्टीलच्या डब्याला टेकलं होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं स्वतः बटण दाबलं होतं ते रबरी चपला घालून, एका बोटानं, प्लास्टिकच्या टिकलीवर. म्हणजे 'माझ्याकडे चालतंय' हे सॉफ्टवेअरवाल्यांचं जगप्रसिद्ध वाक्य म्हणायला तो मोकळा होता.

सुट्टीच्या दिवशी सकाळी सेक्रेटरी पाहणीला आले. धुतलेल्या ओलसर जिन्यात अनवाणी, कारण चपला त्यांनी शिस्तीत खाली काढून ठेवल्या होत्या. मतदार घरात दिव्याखाली उभा होता. दार मुद्दाम लावून घेतलं होतं, कारण त्याला प्रात्यक्षिक रीतसर हवं होतं. सेक्रेटरींनी एका हातानं डबा नीट बसलाय का हे चाचपायला तो घट्ट धरला आणि दुसऱ्या हातानं बटण दाबलं.

आत दिवा लागला. बाहेर किंकाळी आली.

"लागला!" मतदार नाचत ओरडला. "आई, लागला! बघ, दिवा लागला!" आईनंही पाहिलं, झटकन उठली, गुडघ्यांचं दुखणं विसरली आणि जाऊन दार उघडलं. यंत्रानं आपलं काम पहिल्यांदाच चोख बजावलं होतं. दारात सेक्रेटरी एक हात वर धरून, एका पायावर, 'आयाई गं' करत गोल गोल फिरत होते.

"या ना, आत या," आई आदरानं म्हणाली. "नाचता कशाला?"

बायको धावत आली. त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, नाडी बघितली, आणि सवयीनं म्हणाली, "आ करा." सेक्रेटरींनी आ केला. "दाढ किडलीय," ती म्हणाली. "बाकी तुम्हाला काही झालेलं नाही."

"परवानगी रद्द!" तोंड मिटल्यावर सेक्रेटरींचा पहिला शब्द निघाला.

गलका ऐकून काका वर आले. त्यांनी डबा पाहिला, सेक्रेटरींचा हात पाहिला, आणि आयुष्यभर ज्या क्षणाची वाट बघावी तसा क्षण आल्यासारखं दोन्ही हात पसरले. "अरे, मी कधीपासून घसा फोडून सांगत होतो, अर्थ! अर्थिंग! त्या डब्याची वायर जमिनीला नको का जोडायला? म्हणे आईसाठी करतोय!"

"तो अर्थ होय!" मतदार मटकन खाली बसला.

वायरमन आला. त्यानं स्टीलचा डबा काढून प्लास्टिकचा बसवला, अर्थ जोडला, आणि कामाच्या वेळात बायकोला आपली अक्कलदाढ दाखवून घेतली. सेक्रेटरींनी दुसरी पाहणी खालच्या पायरीवरूनच केली आणि लांबूनच परवानगी दिली. घंटा दिसायला लागली. पण ती वाजवणारं माणूस कुठं होतं?

"आता तू मावशींकडे जा," बायको म्हणाली. "आणि तिथं काही समजावून सांगू नकोस."

मतदार गेला, आणि गेल्या गेल्या समजावून सांगायला लागला. मावशी दारातच उभ्या होत्या, आत या म्हणाल्या नाहीत.

"मावशी, तुमचा गैरसमज झालाय. आई मुद्दाम बसून नव्हती. तुम्ही बटण दाबलंत ना, म्हणून दिवा विझला."

"म्हणजे मी आले की तुमच्या घरात अंधार होतो?"

"नाही हो! तसं नाही. तुम्ही गेल्यावर लगेच दिवे लागले ना!"

"वा! वा, छान!" मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी गेले आणि दिवाळीच झाली म्हण की!"

सगळं हातचं चाललं होतं. त्याला खिडकीतली आई दिसायला लागली आणि तो एकदम लहान मुलासारखा म्हणाला, "मावशी, माझी चूक झाली. मला काही येत नाही यातलं. आई जेवत नाही नीट. आता दिवा सुलटा लागतो, शपथ. सेक्रेटरींना शॉक बसला ना, तेव्हा आईनं लगेच दार उघडलं."

मावशींनी पदर डोळ्यांवरून खाली आणला. "कुणाला शॉक बसला?"

"सेक्रेटरींना."

"त्या जिनेवाल्याला?"

"हो. डबा धरला त्यांनी, आणि... म्हणजे, ते ओरडले. मग एका पायावर..."

"थांब," मावशी म्हणाल्या. त्यांचा चेहरा पार बदलला होता. "तू नको सांगूस. तुला मेल्या गोष्ट सांगता येत नाही. तिनं बघितलंय ना सगळं?"

"दार तिनंच उघडलं."

"हं," मावशी म्हणाल्या. आणि येते असंही न म्हणता, येत नाही असंही न म्हणता, त्यांनी दार लावून घेतलं.

मतदारानं घरी येऊन आईला काही सांगितलं नाही. पण आई आई असते. दुपारी तिनं केस नीट विंचरले, ठेवणीतली शाल काढली, आणि बाहेरच्या खोलीत दिव्यासमोर येऊन बसली. कुणी विचारलं तर गुडघ्यांना ऊब हवी म्हणून सांगणार होती, पण कुणी विचारलं नाही. मतदार ऑफिसला दांडी मारून स्वयंपाकघराच्या दाराआड उभा होता. वाट बघणं काय असतं, यावर त्याचं एक मत होतं, ते त्या दुपारी बदललं. बराच वेळ काही झालं नाही. आई शालीच्या दशा ओढत राहिली.

मग दिवा लागला.

मतदार दाराआडून अर्धा बाहेर आला. दिवा विझला, परत लागला. आई जागची हलली नाही. तो धावत तिच्यासमोर आला आणि दिव्याकडे बोट नाचवत ओरडला, "आई! दिवा!"

"दिसतोय मला."

"मग ऊठ ना! मावशी आहेत!"

"माहितेय," आई शाल सारखी करत म्हणाली. "थांब जरा. लगेच उघडलं तर म्हणेल, दाराशीच बसली होती."

दिवा लागला, विझला, लागला. मतदार कपाळाला हात लावून उभा राहिला. कुठल्याही वायरमनला दुरुस्त करता न येणारी ही भानगड होती. तेवढ्यात दाराबाहेर दणादण थापा पडल्या आणि अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असा मावशींचा आवाज आला, "अगं ए! बसलीयस ना आत? उघड! मला त्या जिनेवाल्याचं सगळं ऐकायचंय!"

आई उठली. गुडघ्यांवर हात न ठेवता उठली, तरातरा गेली, कडी काढली आणि दार उघडून तणतणली, "ओरडतेस कशाला एवढी? मी काय बहिरी आहे?"